बारकी निघते

तिचं नाव कागदोपत्री काही का असेना, घरात ती बारकी होती. पंचेचाळिशी उलटली, कमरेचा घेर वाढला, जवळचं वाचायला चष्मा आला, तरी बारकीच. दादाने, म्हणजे तिच्या थोरल्या भावाने, ती रांगत असताना ते नाव ठेवलं आणि नंतर ते बदलायचं कोणाच्या मनातही आलं नाही. कामावर मात्र तिला प्लास्टरताई म्हणत. हाडांच्या हॉस्पिटलात तळमजल्यावर एक लांबट खोली होती, तिथे ती मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घालायची आणि हाड जुळून आलं की ते कापून काढायची. डॉक्टर हाड बसवून पुढच्या रोग्याकडे वळत, बाकीचं सगळं तिच्याकडे. कोमट पाण्यात पट्टी बुडवायची, हलकी पिळायची, कापसाच्या थरावरून गुंडाळत न्यायची आणि गुंडाळता गुंडाळता रोग्याला बोलण्यात गुंतवायचं. यातलं शेवटचं काम तिला फार छान जमायचं. बोलण्यात ती कोणाला हार जायची नाही.

तर या बारकीने पाठीवर बॅग टाकून सहा महिने एकटीने हिंडायचं ठरवलं होतं. समुद्राच्या कडेकडेने खाली टोकापर्यंत आणि तिथून डोंगरांच्या रांगेने वर बर्फापर्यंत. मिळेल ती बस, नाही मिळाली तर पाय. रजा बिनपगारी, गाठीला होतं ते बेताचं, त्यामुळे मुक्काम दहाजणींच्या खोलीत वरच्या पलंगावर, जेवण आपल्या हातचं आणि टॅक्सीकडे बघायचंसुद्धा नाही. नकाशे पाहून पाहून तिला वाटेतल्या बसथांब्यांची नावं पाठ झाली होती. स्वयंपाक करताना ती ती नावं पुटपुटायची, आणि वहिनीला वाटायचं ही आपल्यालाच काहीतरी बोलतेय.

आता खरी गोष्ट सांगायची तर बारकीचं हे पहिलं निघणं नव्हतं. यापूर्वी तीनदा ती निघाली होती आणि तीनदा घरीच राहिली होती. पहिल्या वेळी वडिलांनी अंथरूण धरलं. दुसऱ्या वेळी पुतणीला कावीळ झाली. तिसऱ्या वेळी वहिनीची आई आली, घसरली आणि चांगली चार महिने राहिली. दर वेळी बारकीने भरलेली बॅग गुपचूप रिकामी केली, कपडे कपाटात लावले आणि पदर खोचून कामाला लागली. नंतर महिनाभर ती तोंडाने हसायची आणि भांडी आपटायची.

गंमत अशी, की तिला थांब असं कोणीही म्हटलं नव्हतं. एकदाही नाही. हे तिच्या ध्यानात आलं ते या चौथ्या वेळी, आणि आणलं ते दादाने.

दादा मोटार शिकवणाऱ्या शाळेत मास्तर होता. जन्म गेला शिकाऊ माणसांच्या शेजारी बसण्यात. त्याच्या बाजूलाही एक ब्रेक असायचा, आणि त्या ब्रेकची सवय त्याच्या उजव्या पायात इतकी मुरली होती, की घरात कोणी भलतंच काही बोलायला लागलं तरी तो पाय जमिनीवर धप्‌कन दाबला जायचा. बारकीने जेवताना विषय काढला तेव्हाही तो दाबला गेला.

"सहा महिने? एकटी?" वहिनीचा घास हातातच राहिला. "अहो ताई, रात्री झोपणार कुठे?"

"वरच्या पलंगावर. एकावर एक असतात ना, त्यातल्या. वरचा स्वस्त पडतो."

"आणि पडलात म्हणजे?"

"पडले तर प्लास्टर माझं मी घालीन. रांगेत उभं राहायला नको."

पुतणी खो खो हसली. ती नुकतीच नोकरीला लागली होती आणि आत्याच्या बाजूने होती. वहिनी मात्र दादाकडे बघायला लागली, की तुम्ही बोला काहीतरी.

दादा म्हणाला, "जा की. कोणी अडवलंय? आजवर कोणी अडवलंय का तुला?"

बोलून गेला तो सहज, पण ते बारकीला झोंबलं. तिने मनातल्या मनात तिन्ही वेळा आठवून पाहिल्या. वडील म्हणाले होते, जाऊन ये गं. वहिनी तर आईच्या वेळी हात जोडून म्हणाली होती, ताई, तिकीट वाया घालवू नका. थांबली होती ती बारकीच. तिला घरात कुठे काही मोडलं की हात मागे ठेवता यायचा नाही, आणि हात घातला की ती अडकायची. तिच्या वाटेत दादा नव्हता, वहिनी नव्हती, कावीळही नव्हती. तिच्या वाटेत ती स्वतः आडवी पडली होती. हे कळल्यावर ती अशी काही चिडली, की ताटावरून उठायची ती बसून राहिली आणि म्हणाली, "मग ऐका. या वेळी घरात कोणाला काही झालं, तर मला सांगायचं नाही."

"अभद्र बोलू नका, ताई!"

"अभद्र नाही, वहिनी. मला ठाऊक आहे मी कशी आहे ते. सर्दी झाली तरी सांगू नका. मी कळायच्या आत निघून जायला हवी."

"नाही सांगणार," दादा म्हणाला आणि त्याने आणखी आमटी वाढून घेतली.

त्यानंतर बारकी तयारीच्या जी मागे लागली ती हात धुवून. बॅग तिने हॉस्पिटलातल्या क्ष-किरणवाल्याकडून जुनी घेतली. त्याच्या मुलाने ती एकदाच वापरली होती आणि पहिल्याच चढणीवर वैतागून टाकून दिली होती. चेन बिघडलेली, एक पट्टा उसवलेला. बारकीने पट्टा जाड दोऱ्याने दोनदा शिवला, चेनीवर मेण घासलं आणि दुपारच्या सुट्टीत बॅगेत प्लास्टरच्या पट्ट्यांची पाकिटं ठासून भरून हॉस्पिटलचा जिना चढायला सुरुवात केली. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत. पहिल्या दिवशी ती निम्म्यातच मटकन खाली बसली. समोरून कुबड्यांवर एक म्हातारा येत होता, त्याने थांबून विचारलं, "बाई, डॉक्टरांना बोलावू का?"

"नको," ती धापा टाकत म्हणाली. "मी इथलीच आहे."

जिन्यापाशी बसणाऱ्या रखवालदाराला तर आयतीच करमणूक मिळाली. "काय ताई, रोगी संपले? आता जिन्याला प्लास्टर घालताय?" असं तो रोज विचारायचा, आणि रोज नव्याने हसायचा. बारकी त्याला उत्तर द्यायला थांबत नव्हती, कारण थांबलं की पुन्हा पाय उचलवत नसे. पण एक दिवस ती गच्चीवर पोचली आणि तिथून ओरडून त्याला म्हणाली, "या आता वर, तुम्हालाच प्लास्टर घालते!" तेव्हा खाली ओपीडीत बसलेली माणसंसुद्धा हसली.

टाचांना फोड आले. मग तिने प्लास्टरच्या खाली घालतात ती मऊ सुती नळी दुकानातून मीटरभर विकत आणली आणि तिचे तुकडे कापून मोज्यांच्या आत घातले. फोड थांबले. त्याच नळीचे मोठे तुकडे एका तोंडाला शिवून तिने कपड्यांच्या थैल्या केल्या. साबण अर्धा कापला. टूथब्रशची दांडी प्लास्टर कापायच्या यंत्राने उडवली, त्यासरशी शेजारच्या खाटेवरची बाई किंचाळली. कपडे दोन जोड, एक अंगावर आणि एक वाळत. गरम पाण्याची पिशवी आधी घेतली, मग काढली, मग घेतली, शेवटी दुसऱ्या दिवशी जिना चढून आल्यावर कायमची काढली. जिना हा फार प्रामाणिक सल्लागार निघाला.

बॅग तयार होत होती तसं घरही तयार करायला हवं होतं. बारकीच्या लक्षात आलं, की आपण घरभर चिकटून बसलो आहोत. दादाच्या रक्तदाबाच्या गोळ्या तीच काढून ठेवायची. पाण्याची मोटर कधी लावायची ते तिलाच ठाऊक. वहिनी धोब्याच्या दुकानात गल्ल्यावर बसून दिवसभर हिशेब करायची, पण बँकेच्या यंत्रासमोर उभी राहिली की तिला घाम फुटायचा, म्हणून पैसे काढायला बारकी. तिने एकेक गोष्ट सोडवायला घेतली. दादाला गोळ्यांचा डबा भरायला शिकवलं. त्याने दोनदा सकाळच्या गोळ्या रात्रीच्या कप्प्यात भरल्या, तिने दोनदा डबा ओतून परत भरायला लावला. "तू शिकाऊ लोकांवर ओरडतोस ना? आता बस." वहिनीला घेऊन ती यंत्रासमोर उभी राहिली आणि पाठ फिरवून रस्त्याकडे बघत राहिली. मागून वहिनी म्हणाली, "ताई, हे आता काय विचारतंय?" बारकीने ओठ घट्ट मिटून घेतले. नोटा बाहेर आल्याचा आवाज आला तेव्हा वहिनीने तिथेच तिचा हात धरून दाबला. त्या दिवशी बारकीला आनंद झाला आणि जेवण गेलं नाही. दोन्ही खरं. आपल्यावाचून चालायला लागलं, हे आपणच घडवून आणायचं आणि मग त्याचं वाईटही आपणच वाटून घ्यायचं, असा तो प्रकार होता.

शेवटी निघायचा आदला दिवस आला. हॉस्पिटलात दुसऱ्या बाईकडे खोली सोपवून, रखवालदाराचा शेवटचा विनोद ऐकून, बारकी संध्याकाळी घरी आली. दार उघडलं आणि उंबऱ्यातच तिचं पाऊल थबकलं.

ओल्या प्लास्टरचा वास.

दुसऱ्या कोणाला तो आला नसता. आला असता तरी वाटलं असतं, कुठे भिंतीला गिलावा केला असेल. पण बारकीचा अर्धा जन्म त्या वासात गेला होता. क्षणभर तिला वाटलं आपल्याच कपड्यांना येतोय. मग तिने दादाकडे पाहिलं. दादा आरामखुर्चीत बसला होता, समोर स्टुलावर पाय लांब केलेले आणि कमरेपासून खाली जाड चादर. बाहेर इतका उकाडा, की पंख्याखालीही घाम येत होता.

"आलीस?" तो म्हणाला. "जरा पाठ धरलीय. गार वारा लागला."

"हो ना," वहिनी घाईघाईने म्हणाली. "मी म्हटलं, पांघरून बसा." तिच्या बाहीवर कोपरापाशी पांढरे थेंब सुकले होते. पुतणी तर दादाच्या खुर्चीपुढे अशी उभी होती, जशी काही तिला तिथेच उभं राहायची नोकरी लागली आहे.

"काय गं, आज लवकर सुटलीस?" बारकीने विचारलं.

"बाबांना आणायला..." पुतणी म्हणाली आणि थांबली. "म्हणजे, बाबांना आवडतं तसं फरसाण आणायला."

एरवी असलं काही कानावर पडलं की दादाचा पाय धप्‌कन दाबला जायचा. आज चादर हलली नाही. नुसता दादाचा चेहरा कळवळला, आणि त्याने खिडकीबाहेर पाहिलं.

उजवा पाय. घोटा. बारकीला सगळं चादरीवरूनच दिसलं. गुडघ्याखालचा तो फुगवटा, पाऊल कसं वर धरलं गेलंय, टाच कुठे टेकलीय. कसा पडला हा? कधी? सकाळी तर चांगला होता. कोणी घातलं प्लास्टर? आपल्या हॉस्पिटलात आला असता तर सगळ्यांनी तिला हाक मारली असती, म्हणजे मुद्दाम गावाच्या दुसऱ्या टोकाला नेलं. घरात प्लास्टर घालणारी बाई असताना दादाने परक्याच्या हातून प्लास्टर घालून घेतलं. घट्ट झालंय का, बोटं थंड आहेत का, त्या माणसाने कापूस नीट घातलाय का? विचारायला तिची जीभ शिवशिवत होती. तिघंही तिच्या तोंडाकडे बघत होती, आणि तिच्या ध्यानात आलं, की या तिघांनी आज दिवसभर केवढी धावपळ केली असेल, आणि ती सगळी तिला कळू नये म्हणून.

"मी हातपाय धुऊन येते," ती म्हणाली.

आपल्या खोलीत जाऊन ती पलंगावर बसली. बॅग भिंतीला टेकून उभी होती, भरलेली. तिचा हात आपोआप चेनीकडे गेला. तीनही वेळा असंच झालं होतं, आधी चेन, मग वरची थैली, मग कपाट. चेन दोन बोटं उघडली. मेण लावल्यामुळे ती सुळकन सरकली आणि तेवढ्यानेच बारकी भानावर आली.

तिने हात मांडीखाली दाबून धरला. मग ती स्वतःशी बोलायला लागली, अगदी रोग्याच्या नातेवाइकांशी बोलायची तशी. रोज कोणी ना कोणी तिच्यापुढे रडत उभं राहायचं, ताई, आता कसं होणार, मी नोकरी सोडू का, मी गावी जाऊ का नको. आणि ती काय सांगायची? घोटा आहे, बाई. दीड महिन्यात हाड जुळतं, ते आपलं आपण जुळतं, तुम्ही शेजारी बसलात म्हणून लवकर जुळत नाही. जेवायला घाला, आधाराने न्हाणीत न्या, आणि आपल्या कामाला जा. अशा किती जणांना तिने कामाला लावलं होतं! मग दादाच्या हाडाला काय सोन्याचा मुलामा होता? घरात बायको होती, मिळवती लेक होती, डबा भरता येत होता, यंत्रातून नोटा निघत होत्या. तिच्या राहण्याने दादाचा पाय बरा होणार नव्हता. फक्त बारकी बरी दिसली असती, स्वतःला.

पण वाईट वाटायचं ते वाटलंच. इतकं वाटलं, की तिने उशीत तोंड घालून एक शिवी दिली, कोणाला ते तिलाच ठाऊक नाही. मग तिने चेन ओढून बंद केली.

जेवताना चौघांनी असा काही अभिनय केला, की विचारू नका. दादा खुर्चीतच जेवला. वहिनीने आमटीत मीठ दोनदा घातलं आणि बारकीने ती वाहवा करत संपवली. पुतणीने बसथांब्यांची नावं विचारली आणि बारकीने ती घडाघडा म्हणून दाखवली. मध्येच दादाला कळ आली, तो "आई गं" म्हणाला, आणि लगेच "आईची आठवण आली" अशी पुस्ती जोडली. बारकीने मान हलवली. "येणारच," ती म्हणाली.

सकाळी उजाडता उजाडता ती तयार झाली. आजवर कोणीही गावाला निघालं की दादा शाळेची गाडी घेऊन स्टँडवर सोडायला जायचा, त्यात कधी खंड पडला नव्हता. आज तो म्हणाला, "बारके, माझी लवकरची शिकवणी आहे. ही पोर स्कूटरवर सोडेल तुला." लवकरची शिकवणी असलेला माणूस चादर पांघरून, दाढी वाढवून, कालच्याच कपड्यांत बसला होता. डोळ्यांवरून कळत होतं, की रात्रभर त्याच खुर्चीत कळा काढल्यात.

"हो, शिकवणी महत्त्वाची," बारकी म्हणाली. तिने त्याच्या केसांवरून हात फिरवला. असं ती कधी करत नसे, म्हणून दोघंही अवघडली. मग तिने बॅग उचलली, गुडघ्यावर घेतली, एका झोक्यात पाठीवर टाकली आणि पट्टे आवळले. वहिनीने तिला मिठी मारली ती बॅगेसकट. पुतणी स्कूटरची किल्ली घेऊन खाली गेली.

दारापर्यंत पोचली आणि बारकीला राहवेना. निघायचं तर ती निघणारच होती, त्यात आता बदल नव्हता. पण इतकं दुखत असताना माणूस पाय खाली सोडून बसलेला तिला दिसत होता, आणि स्टूल कोणीतरी रात्री बाजूला सरकवलं होतं. ती वळली नाही. दाराच्या चौकटीला हात लावून तिने नेहमीच्या, कामावरच्या आवाजात सांगून टाकलं, "पाय लोंबकळत ठेवायचा नाही. आडवं पडायचं, खाली उशा घालून पाय छातीपेक्षा वर घ्यायचा. बोटं हलवत राहायची. बोटं निळी पडली, बधिर झाली, आत ठणका वाढला, तर वाट बघायची नाही, त्याच पावली हॉस्पिटलात जायचं. आणि खाज आली म्हणून आत फूटपट्टी घालून खाजवायचं नाही, सगळे घालतात."

मागे वहिनीने तोंडाला हात लावला असावा, बांगड्या वाजल्या.

मग दादा म्हणाला, "कधी कळलं तुला?"

"मला कुठे काय कळलंय?" बारकी म्हणाली आणि जिना उतरायला लागली.

"बारके!" वरून हाक आली. खुर्ची करकरली, वहिनी ओरडली, "अहो, उठू नका!" आणि पुन्हा हाक आली, या वेळी लहानपणी हाक मारायचा तशी, लांबवून. बारकीला रडू फुटलं. त्यासाठी ती थांबली नाही, उतरता उतरताच रडली.